अपूर्ण कथेवरून कुटुंबासह बघण्याजोगा चित्रपट कसा करावा: बेळगाव सीमाभागातल्या मंडळींसाठी

जुन्या लेखकाची अर्धवट राहिलेली कथा हाती लागली की पहिला मोह होतो तो शेवट लिहून टाकण्याचा. तो आवरा. आधी हक्कांचं बघा, मग कथा नीट वाचा, पटकथेचा सांगाडा उभा करा आणि शेवटाला सगळ्यांत शेवटी हात घाला.

हक्क

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क (कॉपीराइट) टिकतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुलं झालं. अपूर्ण कथेची गोम अशी की ती बऱ्याचदा लेखक गेल्यानंतर छापली जाते. मग ही 60 वर्षं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. 1975 साली पहिल्यांदा छापलेली कथा 2035 अखेरपर्यंत वारसांकडेच राहते. तेव्हा पहिली छपाई कुठे आणि कधी झाली ते शोधा. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि घरोघरच्या माळ्यांवर जुने अंक सापडतात. त्या कथेला दुसऱ्या कोणी शेवट जोडला असेल, तर त्या भागाचा हक्क वेगळा.

करार लेखीच हवा आणि त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. एका पुतण्याने फोनवर ‘करा की’ म्हटलं, तेवढं पुरत नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही जातो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. पैसे जमवून चित्रपट पुरा व्हायला दोन-तीन वर्षं सहज लागतात, म्हणून हे कलम विसरू नका. कथा खुली असली तरी वारसांना भेटाच. लेखकाच्या नावाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर ते हरकत घेऊ शकतात. शिवाय टिपणवही, खोडलेली पानं, पत्रं त्यांच्याच कपाटात असतात.

वाचन

मोठा समास सोडून कथेची प्रत काढा आणि तीन रंगांनी काम करा. कागदावर स्पष्ट आहे ते काळ्याने, लेखकाने नुसतं सुचवलंय ते निळ्याने, तुमच्या मनातलं लाल रंगाने. नियम एकच: प्रत्येक लाल प्रसंगाच्या मुळाशी काहीतरी निळं असलंच पाहिजे.

समजा, 14 पानांची कथा आहे. मलप्रभेकाठच्या गावात आजी आणि नातू राहतात. नातू शाळेत कानडी शिकतो, आजीला फक्त मराठी येतं. आजी रोज रात्री एक ताट झाकून ठेवते. एके दिवशी कानडीत लिहिलेलं पत्र येतं, नातू पाकीट फोडतो आणि कथा तिथेच तुटते. घाईचा पटकथाकार पत्रात काय आहे ते ठरवायला बसेल. पण मागची पानं पुन्हा चाळा. नातू आजीसाठी दुकानाची पाटी वाचतो, औषधाची चिठ्ठी वाचतो, आणि एकदा एक वाईट ओळ गाळून वाचतो. लेखकाने लोंबकळत ठेवलेला प्रश्न इथे आहे: पोरगा आजीला सगळं वाचून दाखवेल का? पत्रातला मजकूर त्यापुढे दुय्यम ठरतो. आता शेवट कुठलाही घ्या, तो या प्रश्नाचं उत्तर हवा. हे न सापडल्यामुळेच असे बहुतेक चित्रपट मध्यंतरानंतर भरकटतात.

पटकथा

14 पानांतून जेमतेम अर्धा तास निघतो. कुटुंबाच्या चित्रपटाला 100 ते 110 मिनिटं लागतात. मधली जागा खलनायक काका आणि जत्रेतलं गाणं घालून भरू नका. कथेत एका वाक्यात येऊन गेलेली माणसं उचला: पोस्टमन, कानडीचे मास्तर, शेजारीण. 50 च्या आसपास प्रसंगांची वनलाइन, म्हणजे प्रत्येक प्रसंगाची एका ओळीत यादी, करा. पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट असा ठोकताळा आहे, पण चुलीपुढचे प्रसंग रेंगाळतात. तेव्हा घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

जुन्या लेखकाचं निवेदन पुस्तकी असतं, ते तसंच पात्रांच्या तोंडी घालू नका. जांबोटीकडची बोली वेगळी, बेळगाव शहरातली वेगळी, निपाणीची आणखी वेगळी. एक गाव पक्कं करा आणि तिथल्याच वयस्कर माणसांकडून संवाद वाचून घ्या. वाचताना जीभ अडखळली की ते वाक्य बदला. कानडी वाक्यं कानडीतच ठेवा, खाली मराठी ओळ द्या. सीमाभागातल्या घरात दोन्ही भाषा एका पंक्तीला बसतात, ते पडद्यावर ऐकू आलंच पाहिजे.

चित्रीकरण

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, कणकुंबीकडे, जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. कौलांवरच्या आणि पत्र्यावरच्या आवाजात संवाद बुडतात, आणि मागून प्रकाश नसला तर खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसतही नाही. पावसाचा प्रसंग टँकर आणि पाइप लावून करा, दिवा धारेच्या मागे ठेवा, पत्र्यावर गोणपाट अंथरा म्हणजे तडतड कमी होते. ऑक्टोबर त्यातल्या त्यात सोयीचा. पण भात हिरव्याचं पिवळं होऊन कधी कापलं जाईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतातले सगळे प्रसंग सलग उरका. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका.

मुलांबाबत कायदा कडक आहे आणि तो पाळायलाच हवा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त 5 तास, विश्रांतीशिवाय 3 तासांच्या वर नाही, सलग 27 दिवसांच्या पुढे नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या मानधनातले किमान 20 टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत जातात. थकलेलं मूल रडण्याचा प्रसंग खोटा करतं, म्हणून असे प्रसंग सकाळी लावा. बैल किंवा कुत्रा दाखवायचा असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी काढा, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

सेन्सॉर प्रमाणपत्राच्या श्रेणी 2024 पासून बदलल्या आहेत: यू (सगळ्यांसाठी), मग यूए 7+, 13+ आणि 16+ (त्याहून लहान मुलांना पालकांच्या देखरेखीत), त्यापुढे ए (फक्त प्रौढांसाठी). घरातल्या लहानांसकट सगळ्यांनी बघावा असं वाटत असेल तर पटकथेतच यू धरून चला.

श्रेयनामावलीत ‘अमुक यांच्या अपूर्ण कथेवर आधारित, शेवट पटकथाकाराचा’ असं स्वच्छ लिहा. पण त्याआधी रफ कट, म्हणजे चित्रपटाचं पहिलं कच्चं संकलन, कथा न वाचलेल्या आठ-दहा जणांना दाखवा, त्यात दोन आज्या आणि दोन-तीन शाळकरी मुलं असू द्या. एकच विचारा: लेखकाचं लिखाण कुठे थांबलं असेल? बहुतेकांनी नेमक्या त्याच जागी बोट ठेवलं तर सांधा उघडा पडलाय. नवे प्रसंग काढत बसण्याआधी कथा जिथे तुटते त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत जा आणि शेवटाला लागणारी वस्तू किंवा सवय तिथे दिसतेय का ते तपासा.