नागपुरात समुद्र नाही, तरी लोखंड जहाजासारखं कुजतं: या चुका टाळा

पहिला पाऊस पडला की आपण कूलर बंद करतो आणि विसरून जातो. मार्चमध्ये गवताच्या ताट्या बदलायला उघडावा, तर टाकीच्या तळातून बोट आरपार जातं. "पत्राच हलका होता," म्हणत नवा कूलर येतो. दोष बहुतेक वेळा पत्र्याचा नसतो. बुडालेली जहाजं ज्या कारणांनी झिजतात, तीच कारणं आपल्या गच्चीवर काम करत असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकी रिकामी न करता वरून पाणी घालत राहणं. पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, बोअरचं पाणी रोज भरलं की काही दिवसांतच टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट होतं. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, आणि गंजणं हे मुळात विजेचंच काम आहे. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसा.

तळाशी काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास असेल, तर तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू आहेत. हवा नाही म्हणजे गंज नाही, हा समज चुकीचा. गंजात जिवाणू कसे घर करतात, ते टायटॅनिकवर दिसलं. ते जहाज १९१२ मध्ये बुडालं, १९८५ मध्ये सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडलं, तेव्हा त्याच्या अंगावर गंजाचे लोंबते झुपके होते. त्या गंजात सापडलेल्या एका नव्या जिवाणूला २०१० मध्ये जहाजाचंच नाव दिलं गेलं, हॅलोमोनास टायटॅनिकी. गाळ खरडून काढा. कूलर उन्हात कोरडा करूनच झाका.

आता फ्लोटच्या छिद्राकडे बघा. पत्रा सगळ्यात आधी तिथेच झिजतो, कारण पितळी नट थेट पत्र्यावर आवळलेला असतो. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला लवकर गंजणारा धातू आणखी झपाट्यानं झिजतो. १७६१ मध्ये 'अलार्म' या ब्रिटिश युद्धनौकेच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं, तर लोखंडी खिळे गळून गेले होते. मात्र तांबं ज्या कागदात गुंडाळून आलं होतं, तो जिथे मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत! आपल्याला तो कागद म्हणजे रबरी वायसर. दोन्ही बाजूंनी घाला, आणि नटाचे आटे छिद्राच्या कडेला घासणार नाहीत असं बघा.

गंजावरून थेट रंग मारू नका. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, रंग आतून फुगवून सोलून काढतो. आधी तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड, मग रंग.

आबांचा अडकित्ता मी असाच घालवला. पितळी दांडे, लोखंडी पातं. लिंबू-मिठानं चकाकवला, फडक्यानं पुसला, पिशवीत घालून गाठ मारली आणि पावसाळ्याच्या तोंडावर पेटीत ठेवला. दिवाळीत उघडला तर पात्यावर तपकिरी पाण्याचे थेंब, खाली पापुद्रे. खिळ्याच्या सांधीत मीठ राहिलं होतं, पिशवीनं ओल कोंडली होती, आणि पितळ-लोखंडाची जोडी होतीच. लोखंडावर असे थेंब किंवा भगवी भुकटी दिसली, तर गंज जिवंत आहे असं समजा. घट्ट, कोरडा, काळपट थर निराळा. त्याला खरडू नका. दोन धातूंच्या जुन्या वस्तूला लिंबू-मीठ नकोच. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पोळ्याच्या सुमारास एकदा उघडून बघा.

लाकडाचं उलट आहे. विहिरीचा गाळ काढताना जुनी तुळई किंवा रहाटाचा तुकडा निघाला, की लोक तो उन्हात टाकतात. वर्षानुवर्षं भिजलेल्या लाकडाच्या पेशींना आतलं पाणीच उभं धरतं. ते झपाट्यानं गेलं की लाकूड आत बसतं, तडकतं. स्वीडनचं 'वासा' हे जहाज १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं. पाण्याची जागा घेणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल त्यावर १७ वर्षं फवारलं, मग सावकाश सुकवलं. आपण एवढं करू शकत नाही, पण लाकूड ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवणं आणि काही महिने ओल हळूहळू कमी करणं प्रत्येकाला जमतं.

आणि नागपूर जिल्ह्यातल्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड या भागात शेत नांगरताना लोखंडाचं काही हाती लागलं, तर घासू नका, धुऊ नका. तिथल्या शिळावर्तुळांतल्या (भोवती दगड रचलेल्या प्राचीन दफनांतल्या) लोखंडी वस्तू दोन हजारांहून जास्त वर्षं जमिनीत टिकल्या. मातीशी त्यांचं जमलेलं असतं. हवा लागली की पुन्हा गंजायला लागतात. सापडल्या जागेचा फोटो काढा, भोवतालच्या मातीसकट डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.