जुना डेस्कटॉप सुरू होत नाही? दुकानात नेण्याआधी घरी हे बघा

श्रावण सरत आला की आमच्या कवळे-फोंडा भागात माझ्याकडे टायपिंगची गर्दी सुरू होते. घुमट या वाद्याच्या साथीने गातात त्या घुमट आरतीच्या पुस्तिका, भजनी सप्ताहाची पत्रकं, पुढे कार्तिकात जत्रा लागल्या की नाटकांची हँडबिलं. २००८ सालापासून हे सगळं मी एकाच मशीनवर करते. कोअर टू ड्युओ, २ जीबी डीडीआर-२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही तो छोटा प्लग, मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं आहे. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. शिवाय जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की गिचमीड दिसते. त्यामुळे 'एवढा जुना कशाला ठेवलाय, नवीन घ्या' हा सल्ला मला उपयोगाचा नाही. ज्यांची अशीच काही अडचण आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एका वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस राहिले असताना बटण दाबलं, आतला पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. पुतण्या दारातून विचारतोय, "काकी, कितें जालें?" आणि टेबलावर तीन वाड्यांच्या आरत्या अर्ध्या टाईप झालेल्या. एका दुकानात नेलं. दोन दिवसांनी निरोप आला की बोर्ड, म्हणजे आतला मुख्य मदरबोर्ड, गेला. मशीन घरी आणलं आणि शांतपणे एकेक गोष्ट तपासली. बोर्ड धड होता. दोष निघाला रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीवर, आणि दुरुस्तीला लागला एक खोडरबर.

तेव्हा सर्वांत आधी नीट बघा की 'सुरू होत नाही' म्हणजे नेमकं काय होतंय. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, ही एक तऱ्हा. पंखा फिरतो पण स्क्रीनवर काही येत नाही, ही दुसरी. कंपनीचं नाव किंवा काही अक्षरं दिसतात आणि तिथेच अडकतं, ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी असतात. फोनवर कुणाला विचारायचं झालं तरी आधी हेच सांगा, नाहीतर समोरचा माणूस अंदाजाने उत्तर देतो.

अगदी काहीच होत नसेल तर

कॅबिनेट उघडू नका. आधी वीज तिथवर पोचते का ते बघा. ज्या सॉकेटला मशीन लागतं तिथे टेबल फॅन लावून बघा. मोबाइलचा चार्जर लावून खात्री होत नाही, कारण तो १०० व्होल्टवरही चालतो. फॅन मात्र व्होल्टेज पडलं असेल तर रेंगाळून दाखवतो. मग यूपीएस बाजूला करा आणि कॅबिनेटची कॉर्ड थेट भिंतीत लावा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. ती गेली की काही यूपीएस चालूच होत नाहीत, काही लोड पडताच बंद होतात, आणि आपण दोष देतो कॉम्प्युटरला.

कॉर्डचा संशय असेल तर मॉनिटरची काढून कॅबिनेटला लावा. बहुतेक मॉनिटरना तीच तीन पिनांची कॉर्ड असते. मागच्या बाजूला एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, छोटा चालू-बंद स्विच असतो, झाडलोट करताना तो दाबला जातो. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेली लाल सरकपट्टीही असते. आपल्याकडे ती २३० वरच हवी. ती ११५ वर गेलेली असताना वीज दिली, तर आत स्फोटासारखा आवाज होतो आणि एसएमपीएस जातो. घरात लहान मुलं असतील तर त्या पट्टीवर चिकटपट्टी लावून टाका.

एवढं झाल्यावरच उघडायचं. कॉर्ड काढा आणि पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. हात कोरडे हवेत. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा हात लावून घ्या, अंगातली स्थिर वीज उतरते. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, कॉर्ड काढल्यावरही जिवावर बेतेल इतका करंट राहू शकतो. यात मी कधीच सवलत घेतलेली नाही, तुम्हीही घेऊ नका.

आता कॉर्ड परत लावून मदरबोर्डकडे बघा. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक दिवा असतो. तो लागला तर एसएमपीएस थोडा तरी जिवंत आहे. मग संशय जातो पुढच्या बटणावर. आमच्या दमट हवेत बटणाच्या आतली पट्टी गंजते, किंवा स्प्रिंग अडकते. बटणाची दोन वायर बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवर येते. तिथे पॉवर स्विचचं इंग्रजी लघुरूप छापलेलं असतं. वायरच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी पिनांवरून काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवा. मशीन सुरू झालं, तर बिघाड फक्त बटणात आहे. नवीन बटण शोधत बसायची गरज नाही. रीसेट बटणाची टोपी काढून पॉवरच्या पिनांवर लावा, आणि यापुढे रीसेट दाबून मशीन चालू करा. माझ्या भाचीचा जुना कॉम्प्युटर अजून असाच चालतोय.

बोर्डावर दिवाच नसेल तर एसएमपीएस एकट्याने तपासता येतो. कॉर्ड काढून त्याचे सगळे कनेक्टर बोर्डापासून, डिस्कपासून सोडवा. जुना सीडी ड्राइव्ह किंवा कॅबिनेटचा पंखा तेवढा जोडलेला ठेवा. चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कोणतीही काळी वायर, या दोन्हींच्या भोकांत पेपरक्लिप वाकवून बसवा. मग कॉर्ड लावा. पंखा फिरला तर एसएमपीएस उठतोय. मात्र फिरणारा पंखा म्हणजे धडधाकट एसएमपीएस नव्हे. मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि काळी प्रोब काळ्या वायरला लावून मोजा. पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ यायला हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ पेक्षा कमी दिसलं की एसएमपीएस बदलायचा. काही ब्रँडेड जुन्या मशीनमध्ये वायरांची मांडणी वेगळी असते, तिथे पेपरक्लिप वापरू नका.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

माझ्या अनुभवात गोव्यात सर्वाधिक मशिनं इथेच अडकतात, आणि त्याचं कारण हवा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जवळजवळ ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. तीच ओल कॅबिनेटमध्ये शिरते आणि धातूच्या संपर्कावर अगदी पातळ थर धरते. डोळ्यांना तो दिसतही नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना वरून खाऱ्या वाऱ्याचा त्रास.

आधी मॉनिटर निर्दोष आहे याची खात्री करा. त्याचा दिवा लागतो का, केबलचे दोन्ही टोकांचे स्क्रू आवळलेले आहेत का, हे बघा. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरपी टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर कॉम्प्युटर चालू आहे, मॉनिटरची मागची लाईट गेली आहे. मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लागलेली हवी.

मग रॅम. कॉर्ड काढा. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की ती उचलली जाते. सोनेरी दातांना बोट लावू नका, कडेने धरा. शाळेत वापरतात तो पांढरा मऊ खोडरबर घ्या आणि दात आतून कडेच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी हलके पुसा. माझ्या पट्टीवरून खोडरबरावर काळपट रेघ उतरली होती, तोच तो ओलीने धरलेला थर. रबराचा चुरा मऊ ब्रशने झटका. स्लॉटमध्येही कोरडा ब्रश फिरवा, तोंडाने फुंकर मारू नका, कारण फुंकरीतही वाफ असते. पट्टी परत लावताना तिची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवा आणि दोन्ही क्लिपा 'टक्' करून बसेपर्यंत दाबा. जरा जोर लागतो, घाबरू नका. पट्ट्या दोन असतील तर एकावेळी एकच लावून, स्लॉट बदलत बघा.

बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर त्याच्या 'बीप'कडे कान द्या. बीपचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, पण रॅम काढून ठेवल्यावर बीप ऐकू आली तर प्रोसेसर आणि बोर्ड काम करताहेत असं समजायला हरकत नाही. दुकानातून आणलेल्या माझ्या मशीनने अशीच बीप दिली, आणि तेव्हाच मला कळलं की बोर्ड गेलेला नाही.

प्रोसेसरजवळ बसणारा चार पिनांचा चौकोनी कनेक्टर निसटला असेल, तरी पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. तो आठवणीने बघा. बोर्डावरचे उभे कपॅसिटरही निरखा. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी चिकट काही आलं असेल तर तो कपॅसिटर गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांना हा रोग फार होता. सोल्डरिंग येणारा माणूस तेवढेच कपॅसिटर बदलून देतो.

आत मुंग्यांचं घर किंवा पाल सापडली तर नवल मानू नका. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं.

बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर-२०३२, ३ व्होल्टची असते. तारीख मागे जात असेल किंवा सुरू होताना एफ-१ दाबायला सांगत असेल तर ती बदला. पण एक धोका ध्यानात ठेवा. बॅटरी काढली की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग्ज मूळ जागी जातात. आयडीई आणि एएचसीआय या बोर्डाने डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती. एक्सपी आयडीई पद्धतीवर टाकलेलं असेल आणि बायोस एएचसीआयवर गेला, तर विंडोज उघडताना निळी स्क्रीन येते, तिच्या आकड्यांच्या शेवटी ७बी असतं. विंडोज उडालं समजून फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये जाऊन ते सेटिंग परत आयडीई करा. बॅटरी काढण्याआधी मोबाइलने बायोसच्या पानांचे फोटो काढता आले तर उत्तम.

अर्ध्यावर अडकत असेल तर

डिस्क मिळत नाही असा संदेश असेल तर तिची केबल काढून परत लावा, दुसरी असेल तर ती लावून बघा. डिस्कमधून 'टक् टक् टक्' असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र ताबडतोब मशीन बंद करा. आत जे आहे ते हवं असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, दर वेळी नुकसान वाढतं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. आपल्या हवेत ती बाहेर काढताक्षणी तिला दव सुटतं.

आवाज नीट असेल तर मशीन दुरुस्त होवो न होवो, डिस्क चार स्क्रू काढून बाहेर घेता येते आणि यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडता येते. अडॅप्टरबरोबर वेगळा १२ व्होल्टचा प्लग असलेलाच घ्या, डेस्कटॉपची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. फाइली उतरवताना विंडोजच्या फोल्डरमधला फाँट्सचा फोल्डरही उतरवा. त्याच्याशिवाय मराठी मजकूर वाचता येणार नाही. मशीन सुरू झालं की महत्त्वाच्या फाइलींचे पीडीएफही करून ठेवा. माझ्याकडे आता चौदा वर्षांच्या आरत्या अशा जपलेल्या आहेत.

पावसाळ्यात काम नसलं तरी मी आठवड्यातून दोनदा मशीन तासभर चालू ठेवते, आतल्या उबेने ओल टिकत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं, ते ओल आत कोंडून ठेवतं. कॅबिनेट जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवलंय. वैशाखातले आणि परतीच्या पावसातले ढग गडगडायला लागले की वीजेची कॉर्ड काढते, आणि इंटरनेटची केबलही काढते, कारण वीज तिच्यातूनही आत येते.

इतकं करूनही चालू झालं नाही तर दुकानात न्या, पण डिस्क आणि प्रिंटर पोर्टचं लॉक काढून घरी ठेवा. कॅबिनेटवर कागद चिकटवा: कोणती लक्षणं, काय काय तपासलं, पिवळ्या वायरवर किती व्होल्ट आले, रॅम काढल्यावर बीप आली की नाही.