मुंबईला येण्याआधी: मराठी मालिका-चित्रपटांत काम करू पाहणाऱ्यांसाठी

मराठी मालिकांत किंवा चित्रपटांत काम करायचे ठरवलेल्यांना माझा पहिला सल्ला असतो की, फोटो काढून घेऊन मुंबई गाठण्याआधी आपले काम चार जाणत्या माणसांच्या नजरेस पडेल अशा जागी उभे करावे. आपल्याकडचे दिग्दर्शक, निर्माते आणि वाहिन्यांची माणसे नवे कलाकार शोधताना आजही एकांकिका स्पर्धांकडे आणि प्रायोगिक नाटकांकडे पाहतात, कारण मंचावर पाऊण तास उभे राहिलेल्या मुलाची किंवा मुलीची कुवत तिथे उघड दिसते आणि ती कोणत्याही फोटोत दिसत नाही.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा घेते. मुंबईत चतुरंग या संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा होते आणि राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा तर जिल्ह्याजिल्ह्यांतील केंद्रांवर भरते. आपले गाव लातूर असो वा सावंतवाडी, यांपैकी एखाद्या वाटेने सुरुवात करता येते. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी त्या तोडीची एकांकिका नसल्याचे सांगून करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा बरीच हळहळ व्यक्त झाली. मला मात्र त्या कठोरपणातच स्पर्धेची खरी किंमत दिसते. स्पर्धेत केवळ भूमिकेसाठी हटून बसू नये. प्रकाशयोजना, नेपथ्य, पार्श्वसंगीत, जे हाती येईल ते करावे. पुढे सेटवर कोणाचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ज्याला कळते, तो लवकर रुळतो.

रीतसर शिक्षण घ्यायचे असेल तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६०मध्ये सुरू झालेली एफटीआयआय ही चित्रपटशिक्षण संस्था, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी हे भरवशाचे पर्याय आहेत. महिनाभरात मालिकेत काम मिळवून देण्याची हमी देणाऱ्या वर्गांवर पैसे घालवू नयेत. वयाची चिंताही फार करू नये. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि वैद्यकी सोडून १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. अर्थात त्याआधीची कित्येक वर्षे ते हौशी आणि प्रायोगिक नाटक करीत होते, हेही विसरू नये.

ऑडिशन आता बहुतेक वेळा घरूनच चित्रित करून पाठवावी लागते, आणि चांगले नटही इथे निष्काळजीपणा करतात. साध्या, एकरंगी भिंतीसमोर उभे राहावे आणि खिडकीचा उजेड पाठीमागून न येता चेहऱ्यावर येईल असे पाहावे. फोन हातात न धरता छातीच्या वरच्या उंचीवर आडवा टेकवून ठेवावा. आधी नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगाव्यात, मग डावी-उजवी बाजू दाखवावी. समोरची वाक्ये वाचायला एखाद्या मित्राला फोनच्या अगदी शेजारी उभे करावे, म्हणजे नजर लेन्सच्या जवळ राहते. मात्र त्याने हळू आवाजात वाचावे, नाहीतर त्याचाच आवाज मोठा ऐकू येतो. नाटकातून आलेल्यांनी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सवय इथे आवरावी. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी अशी एखादी बोली घरची असेल तर ती आवर्जून सांगावी, कारण ओढूनताणून बोललेली बोली त्या भागातील प्रेक्षक पहिल्याच वाक्याला ओळखतो. आणि ऑडिशनसाठी किंवा कलाकार म्हणून ओळखपत्र, म्हणजे 'कार्ड', काढून देण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथून निघून यावे. खरे काम देणारा कलाकाराकडून पैसे घेत नाही.

दैनंदिन मालिकेत निवड झाली की दिवसाचे गणितच बदलते. साधारण बारा तासांची शिफ्ट असते, प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत आणि पुष्कळदा कागद हातात पडल्यावर अर्ध्या तासात संवाद पाठ करावे लागतात. मानधन दिवसाच्या हिशेबाने ठरते आणि ते हाती येण्यास तीन महिने लागणे ही या व्यवसायातील नेहमीची पद्धत आहे. म्हणून मुंबईत किंवा ठाण्यात खोली घेताना किमान सहा महिन्यांचे भाडे आणि खाणे भागेल एवढी रक्कम बाजूला असावी. करारात महिन्याला किमान किती दिवसांचे काम मिळेल आणि मालिका सुरू असताना नाटकाचे प्रयोग करता येतील का, हे दोन मुद्दे सही करण्यापूर्वी वाचावेत. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक 'नाईट', म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते. मालिका अचानक बंद झाल्यावर अनेकांच्या घरची चूल त्या नाईटवर पेटलेली मी पाहिली आहे.

दिग्दर्शनाकडे जाणाऱ्यांसाठी दोन वाटा आहेत. पहिली सहाय्यक दिग्दर्शकाची. मी स्वतः तिथून सुरुवात केली. पहिल्याच मालिकेत कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी जुळतात की नाही हे पाहण्याचे काम, माझ्याकडे होते. संपूर्ण प्रसंग टिपणाऱ्या मास्टर शॉटमध्ये चहाचा कप नायिकेच्या उजव्या हातात होता आणि क्लोजअप घेताना तो डाव्या हातात गेला, हे मला दिसले नाही. संकलनाच्या टेबलावर ते उघडकीस आले तोवर तो सेट मोडलेला होता, आणि एका क्लोजअपसाठी भिंतीचा कोपरा पुन्हा उभारावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक शॉटनंतर हात, पदर, केस आणि घड्याळाचे काटे यांची नोंद वहीत करू लागलो. प्रसंग तुकड्यातुकड्यांनी कसा बांधला जातो, हे मला त्या वहीने शिकवले. ही वाट धरणाऱ्याने दोन-तीन वर्षांनंतर मात्र स्वतःचे काही लिहायला बसावे, कारण सहाय्यक म्हणून चांगले नाव झाले की पुढची दहा वर्षे तेच काम येत राहते.

दुसरी वाट लघुपटाची. उमेश कुलकर्णी यांच्या 'गिरणी' या एफटीआयआयमधील लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००८मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला आणि २०११च्या 'देऊळ'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. चैतन्य ताम्हाणे चित्रपटशाळेत न जाता आधी नाटक आणि लघुपट करून 'कोर्ट' या चित्रपटापर्यंत पोचले, आणि २०१४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. 'किल्ला'चे दिग्दर्शक अविनाश अरुण छायाचित्रणातून दिग्दर्शनाकडे आले. लघुपट करताना कलाकार एकांकिकांतूनच घ्यावेत, स्थळे एक-दोन ठेवावीत आणि खर्च कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा आवाजाच्या ध्वनिमुद्रणावर करावा. धूसर चित्र प्रेक्षक एक वेळ सहन करतो, पण न कळणारा संवाद सहन करत नाही.

पूर्ण लांबीची पटकथा तयार झाल्यावर ती कोणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवावी. निर्माता शोधण्यासाठी गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात भरणारा एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार') उपयोगी आहे. तिथे जाताना दोन पानांचा सारांश, अंदाजपत्रक आणि आधीच्या लघुपटाची प्रत सोबत न्यावी. महाराष्ट्र शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यानंतर मिळते, त्यामुळे चित्रीकरणाच्या खर्चाचे आकडे मांडताना ते जमेच्या बाजूला कधीही धरू नये.