मदर तेरेसांच्या संस्थेची सुरुवात कोलकात्यात पायी कशी पाहावी

आमच्याकडे कोलकात्याला येणारा प्रत्येक पाहुणा आधी मदर हाऊसची, म्हणजे मदर तेरेसांच्या संस्थेच्या मुख्यालयाची चौकशी करतो. मी त्याला आधी एन्टाली भागात नेते. मिशनरीज ऑफ चॅरिटी ही संस्था कशी उभी राहिली हे समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी.

एन्टालीत लोरेटो या जोगिणींच्या संघाचं कॉन्व्हेंट आहे. तिथल्या सेंट मेरीज शाळेत मदर १९३१ पासून शिकवत. आत जायचा हट्ट धरू नका, शाळा चालू असते. बाहेरून भिंत मात्र नीट बघून घ्या, कारण पलीकडेच मोतीझील वस्ती आहे. १० सप्टेंबर १९४६ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना आतून हाक आली : कॉन्व्हेंट सोड, गरिबांत राहा. पण ही एवढीशी भिंत ओलांडायला कोलकात्याचे आर्चबिशप पेरिये आणि रोम, दोघांचीही परवानगी लागली. ती हातात पडून बाहेर पाऊल टाकेपर्यंत ऑगस्ट १९४८ उजाडला. मग पाटण्याला शुश्रूषेचे धडे घेतले आणि डिसेंबरात मोतीझीलमध्ये शाळा सुरू झाली. फळा नाही, खडू नाही. काठीने मातीत अक्षरं गिरवायची. वस्तीत फिरताना कॅमेरा पिशवीतच ठेवा. लोकांची घरं आहेत ती.

पुढे १४, क्रीक लेन. मायकेल गोम्स यांनी वरचा मजला राहायला दिला. मार्च १९४९मध्ये मदरांना साथ द्यायला पहिली मुलगी आली, सुभाषिणी दास, मदरांचीच विद्यार्थिनी. ७ ऑक्टोबर १९५०ला संस्थेला मान्यता मिळाली ती याच पत्त्यावर असताना. खासगी घर आहे, बेल वाजवू नका.

मदर हाऊस गुरुवारी बंद, आणि दुपारीही काही वेळ दार लावतात. पत्ता ५४ए, ए.जे.सी. बोस रोड, जुन्या पुस्तकांत लोअर सर्क्युलर रोड सापडेल. १९५३मध्ये मदर आणि सगळ्या सिस्टर इथे आल्या. समाधीपाशी सगळेच थांबतात, पण जिन्यावरची खोली चुकवू नका. खाली स्वयंपाकघर, वर पंखा नाही, अरुंद खाट. गरिबांची सेवा करायची तर त्यांच्यासारखंच राहायचं, हा नियम तिथे कुणी समजावून सांगावा लागत नाही.

कालीघाटचं निर्मल हृदय १९५२चं, म्हणजे मदर हाऊसच्या आधीचं. पण दक्षिणेला पडतं, म्हणून शेवटी. कालीमंदिराला लागून असलेली यात्रेकरूंची धर्मशाळा महापालिकेने मरणासन्नांसाठी दिली होती. नुसतं बघायला जाणार असाल तर दारातल्या सिस्टरना आधी विचारा. नाही म्हणाल्या तर परत फिरा.