सीमाभागाची संदर्भ मार्गदर्शिका करताना या चुका टाळा

‘आमच्या गावाची जुनी माहिती कुठे मिळेल?’ सीमाभागातल्या कुठल्याही वाचनालयात हा प्रश्न नेहमी येतो. ग्रंथ कपाटात असतो, कोणती माहिती कुठल्या ग्रंथात पाहायची हे सांगणाऱ्या, संदर्भ विभागाच्या मार्गदर्शिकेत त्याचं नावही असतं, आणि तरीही वाचक रिकाम्या हाताने परत जातो. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. मार्गदर्शिका आजच्या नकाशावर बेतलेली असते आणि ग्रंथ त्या-त्या काळच्या राजवटीप्रमाणे रचलेले असतात. बाकीच्या चुका महिन्याभरात दुरुस्त करता येतील. ही चूक मात्र पहिल्याच दिवशी टाळायला हवी.

राजवट न लिहिता ग्रंथांची यादी देणं

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, बेळगाव जिल्ह्याचा खंड २१वा, साल १८८४. आज जिल्ह्यात असलेलं प्रत्येक गाव त्यात सापडेल असं धरून चाललं की गाडी अडते. त्या काळी रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, म्हणून रायबागची माहिती शोधायची ती कोल्हापूरच्या २४व्या खंडात, साल १८८६. रामदुर्ग स्वतंत्र संस्थान होतं. बेळगाव शहराला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानाचं. म्हणून शहापूरच्या पेठेचे जुने कागद शोधणाऱ्याला सांगलीची वाट दाखवावी लागते. चंदगडचं उलट आहे. आज तो कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका असला तरी १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे त्याची जुनी माहिती बेळगावच्या खंडात येते.

हल्याळ, कारवार, जोयडा यांच्यासाठी कानडा जिल्ह्याचा १५वा खंड पाहायचा. तिथे जोयडा सापडणार नाही, त्या तालुक्याचं जुनं नाव सुपा सापडेल. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांना खंडच नाही. बिदरच्या विद्यार्थ्याच्या हातात बेळगावची मार्गदर्शिका तशीच ठेवली, तर त्याची अख्खी दुपार वाया जाते.

उपाय सोपा आहे. मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर, ग्रंथांच्या आधी, चार रकान्यांचा तक्ता द्या: आजचा तालुका, त्याचं जुनं नाव, १९४७च्या आधीची राजवट, पाहायचा खंड. नमुन्याची एक ओळ अशी: सौंदत्ती | परसगड | ब्रिटिश मुलूख, मुंबई इलाखा | बेळगाव, खंड २१. दुसरी अशी: रायबाग | रायबाग | कोल्हापूर संस्थान | कोल्हापूर, खंड २४. हा तक्ता करायला दोन दिवस लागले तरी लागू द्यात, कारण पुढची सगळी यादी त्याच्यावरच उभी राहते.

तालुका तोच, पण नोंद दुसऱ्या नावाखाली

१८८४च्या खंडात बेळगाव जिल्ह्याचे सात तालुके आहेत: अथणी, चिकोडी, गोकाक, बेळगाव, संपगाव, परसगड आणि खानापूर. बैलहोंगल तालुका पाहायचा तर संपगाव उघडायचं, सौंदत्तीसाठी परसगड. ही नावं जुनी म्हणून सोडून देता येत नाहीत. २०११च्या जनगणनेच्या तक्त्यांतही संपगाव आणि परसगड हीच नावं आहेत. निपाणी, कागवाड, मुडलगी, कित्तूर हे तालुके त्यानंतर झाले. म्हणून २०११च्या आकडेवारीत निपाणीजवळची गावं चिकोडीत, कागवाडची अथणीत, मुडलगीची गोकाकात आणि कित्तूरची संपगावात पाहायची. ‘निपाणी तालुक्याची २०११ची लोकसंख्या’ विचारणाऱ्याला ती तयार मिळणार नाही. चिकोडी तालुक्याच्या तक्त्यातून गावनिहाय आकडे उचलून बेरीज करावी लागेल, हे मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहा.

जनगणनेचे खंड राज्यानुसार छापले जातात. त्यामुळे १९५१ची बेळगावची आकडेवारी मुंबई राज्याच्या मालिकेत, १९६१ आणि १९७१ची म्हैसूरच्या आणि १९८१पासून पुढची कर्नाटकाच्या मालिकेत असते. राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी बदललं, म्हणून १९७१साठी ‘कर्नाटक’ शोधून हाती काही लागत नाही. बिदरचं १९५१ हैदराबादच्या खंडात. बऱ्याच वाचनालयांत हे खंड राज्याप्रमाणे वेगवेगळ्या कपाटांत लावलेले असतात. तेव्हा ‘जनगणना, बेळगाव’ एवढंच लिहून भागत नाही, प्रत्येक दशकापुढे कपाटाचा क्रमांक हवा.

शोधताना एकच लेखन वापरणं

संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे वाचनालयातल्या ग्रंथांच्या नोंदसूचीत, ‘बेळगाव’ टाकलं आणि तीनच नोंदी आल्या, म्हणजे ग्रंथ तीनच आहेत असं समजू नका. १९६२च्या लेखननियमांआधीच्या मराठी ग्रंथांवर ‘बेळगांव’ असतं. शीर्षक जसं छापलं तसंच नोंदवायची पद्धत असल्याने तो अनुस्वार तालिकेतही उतरतो. इंग्रजी नोंदींत १ नोव्हेंबर २०१४च्या आधीचं Belgaum आणि नंतरचं Belagavi अशी दोन स्पेलिंगं आहेत, आणि त्याच दिवशी विजापूरचंही अधिकृत नाव बदललं. कन्नड ग्रंथांच्या नोंदी कन्नड लिपीत किंवा रोमनमध्ये. म्हणून मार्गदर्शिकेत प्रत्येक मुख्य गावासाठी चार-पाच लेखनं एका ओळीत द्या. वाचक एकामागून एक टाकून पाहील.

यातली एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ऱ असलेल्या नावाचा शोध फसला, तर तेवढं अक्षर गाळून उरलेल्या भागाने शोधा: ‘हाड’, आणि सोबत विषय किंवा साल. तालिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर शोधच लागत नाही. अशा नोंदी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. तोवर त्या विभागाची छापील यादी मेजावर ठेवा. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन प्रतींचंही तसंच. देवनागरी पानांवर अक्षरओळख (ओसीआर) झालेली नसेल तर शब्द टाकून काही निघत नाही, अनुक्रमणिका पाहून पानापर्यंत जावं लागतं.

ग्रंथ उघडायचा कसा, हे न सांगणं

यादीत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश, २३ खंड’ एवढंच असलं की नवा वाचक पहिला खंड उघडतो आणि ‘अ’ शोधत बसतो. केतकरांच्या या कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत, अकारविल्हे नोंदी सहाव्या खंडापासून सुरू होतात. मार्गदर्शिकेतलं हे एक वाक्य वाचकाचा अर्धा तास वाचवतं. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर उघडताना ध्यानात ठेवायचं की पहिला खंड १९७६चा आहे, आणि लोकसंख्या, पीकक्षेत्र यांचे आकडे सहसा त्या-त्या खंडाच्या छपाईच्या काळचे असतात. इतिहास-भूगोलासाठी नोंद उत्तम, ताज्या आकड्यांसाठी नाही.

इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये गावांचं प्रकरण शेवटी येतं आणि त्यातला क्रम इंग्रजी वर्णमालेचा. लेखनही तेव्हाचं, म्हणून अथणी, हुक्केरी यांसारखी नावं आजच्यापेक्षा एखाद्या अक्षराने वेगळी भेटतात. जुनं मराठी पुस्तक खरंच निघालं होतं का, हे ठरवायला शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची लागते. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० हा काळ आहे. पुस्तक सूचीत आहे पण आपल्याकडे नाही, एवढं कळलं तरी आंतरग्रंथालयीन मागणी नेमकी करता येते.

वर्तमानपत्रांबाबत एक ठरलेली गल्लत: ‘तरुण भारत’ नावाचं दैनिक बेळगावचंही आहे आणि नागपूरचंही, आणि दोन्ही वेगळी. गावाचं नाव न लिहिलेला संदर्भ निरुपयोगी ठरतो. जुन्या फायलींना बहुधा सूची नसते, म्हणून घटनेची तारीख आधी गॅझेटियरमधून किंवा चरित्रकोशातून काढा आणि त्या तारखेनंतरच्या आठवड्याचे अंक चाळा.

कन्नड साधनं वगळणं

मराठी वाचकांसाठीची मार्गदर्शिका म्हणून कन्नड ग्रंथ गाळले जातात. हे मोठं नुकसान आहे. कदंब, रट्ट या जुन्या राजघराण्यांच्या काळावर काम करणाऱ्याला जुने कन्नड शिलालेख टाळताच येत नाहीत, आणि १९५६नंतरचं सरकारी साहित्य बरंचसं कन्नड-इंग्रजीतच आहे. अशा प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा: मूळ लिपी कोणती, इंग्रजी भाषांतर किंवा सारांश आहे का, आणि वाचनालयात कन्नड वाचून दाखवणारं कोणी कोणत्या वेळेत असतं. कदंबकालीन हलशी गावावर काम करणारा खानापूरचा विद्यार्थी एवढ्या माहितीवर पुढे जाऊ शकतो.

आकार आणि देखभाल

एका विषयाला एक पान, पाठपोट, बारा ते पंधरा साधनं. ‘बेळगावचा इतिहास’ हा विषय फार मोठा. ‘खानापूर तालुक्यातली गावं, १८८४ ते आजपर्यंत’ हा पेलणारा. प्रत्येक नोंदीत नाव, खंड, साल, भाषा, बोधांक (ग्रंथाच्या पाठीवरचा वर्गीकरणाचा क्रमांक), कपाट, आणि ‘यात काय मिळणार नाही’ याची एक ओळ. क्यूआर कोड छापायचा तर तो थेट बाहेरच्या संकेतस्थळाचा नको. आपल्या वाचनालयाच्या पानाचा द्या, म्हणजे पत्ता बदलला तरी भिंतीवरचं पत्रक फाडावं लागत नाही. तळाशी तपासणीची तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी सगळे दुवे उघडून पाहा.

भिंतीवर लावण्याआधी मार्गदर्शिका दोन वाचकांना द्या, एक विद्यार्थी आणि एक ज्येष्ठ वाचक, आणि तीन प्रश्न ठेवा: रायबागची १८८०च्या दशकातली माहिती, निपाणीजवळच्या एका गावाची २०११ची लोकसंख्या, १९३०च्या आधीचं बेळगावात छापलेलं एक मराठी पुस्तक. मध्ये बोलू नका. जिथे ते मान वर करून तुमच्याकडे पाहतील, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि छपाईआधी त्या जागी एक ओळ वाढवा.