भिंतीवर प्रपोज करायचंय? पहिला होकार भिंतवाल्याचा घ्या

भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरांत 'लग्न करशील का माझ्याशी?' लिहायचं, आयडिया भारी आहे, नाही म्हणत नाही. पण भिंत तुमची नाहीये ना राव. रात्रीत लिहून पळायचा प्लॅन असेल तर आत्ताच सोडा, बऱ्याच देशांत परवानगीशिवाय दुसऱ्याची भिंत रंगवणं गुन्हा आहे आणि मजकूर प्रेमाचा आहे म्हणून कोणी सूट देत नाही, वर तुम्ही खाली स्वतःचं नावपण टाकणार, म्हणजे शोधाशोध करायचीही गरज नाही.

तर आधी मालक शोधा. खरा मालक हां, भाडेकरू काय, 'लिहा की' म्हणून मोकळा होतो, त्याच्या हातात काही नसतं. भिंतीचा फोटो काढा, मोबाईलवरच त्यावर मजकूर टाका आणि दाखवा. लोकांना लिहिण्याचा त्रास नसतो, नंतर ते पुसणार कोण याची धास्ती असते, म्हणून ती गोष्ट तुम्हीच आधी काढा. आणि होकार लेखी घ्या, साधा मेसेज चालेल, पण कुठली भिंत, काय मजकूर, किती दिवस आणि साफ कोण करणार एवढं त्यात हवंच.

आता रंग. खडूचा स्प्रे मिळतो, डब्यावर 'पाण्याने निघतो' असं असतं, ते खरंय पण गुळगुळीत पृष्ठभागावर. उघडी वीट किंवा दगड असेल तर रंग छिद्रांत जाऊन बसतो. चुना नाहीतर डिस्टेंपरची भिंत असेल तर घासताना खालचा रंगही सुटतो, मग अक्षरं जातात पण त्यांच्या आकाराचे फिकट डाग राहतात आणि लांबून अख्खं वाक्य परत वाचता येतं! थिनर मारला तर भिंतीचा मूळ रंगही उतरतो, आणि जुन्या विटांवर प्रेशरने पाणी मारलं तर सांध्यांतला माल निघतो. म्हणून दिसणार नाही अशा कोपऱ्यात तळहाताएवढा पट्टा मारा, दोन दिवस राहू द्या आणि मग पुसून बघा. लगेच पुसलं तर काय, सगळंच निघतं.

मला विचाराल तर भिंतीला रंग लावूच नका. कापडावर लिहून बांधा किंवा अंधार पडल्यावर प्रोजेक्टरने अक्षरं पाडा, परवानगी तेवढीच लागते पण पुसापुशी शून्य.

अक्षरांचा साधा हिशोब, दर 10 फूट अंतराला निदान 1 इंच उंची. ती 100 फुटांवर उभी राहणार असेल तर 10 इंच, चालत्या गाडीतून बघणार असेल तर दुप्पट धरा. दोरीला खडू चोळायचा, दोघांनी ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, शिरोरेषेसाठी सरळ रेघ मिळते. डबा मिनिटभर हलवा, भिंतीपासून वीतभर लांब धरा, हात थांबवू नका, थांबला की ओघळ आलाच. शिडीवर, पुलावर चढाचढी तर नकोच नको.

मजकुरात तिचं पूर्ण नाव टाकू नका, हे मात्र मनावर घ्या. इंग्लंडमधल्या शेफिल्डला पार्क हिल म्हणून बिल्डिंगा आहेत, तिथल्या उंच पुलावर 2001 च्या आसपास एकाने असंच नावासकट प्रपोज रंगवलं होतं. लग्न काही झालं नाही. पुढे बिल्डरने त्याच वाक्याला निऑनचे दिवे लावले, तिचं नाव तेवढं वगळून, आणि 2007 मध्ये वारलेल्या त्या मुलीसाठी लिहिलेलं वाक्य त्या जागेची ओळख होऊन बसलं. म्हणून दोघांनाच कळेल असं टोपणनाव वापरा, आणि तिला तिथे न्याल तेव्हा मित्रांची फौज, कॅमेरे वगैरे नको, नाही म्हणायला पण तिला जागा हवी की.

उत्तर काहीही येवो, ठरलेल्या तारखेला बादली-ब्रश घेऊन हजर व्हा. डाग राहिलाच तर फक्त तेवढाच चौकोन रंगवू नका, ठिगळ दिसतं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात मारून द्या, शेड मालकाला विचारून.