वेबपेज विस्कटले, मेन्यू उघडेना : दोष कुठे आहे ते कसे शोधावे

पान उघडले, पण ओळखू येत नाही. मजकूर डाव्या कडेला चिकटलेला, मेन्यूच्या जागी ठिपक्यांची लांबलचक यादी, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. किंवा उलट: पान दिसायला नीटनेटके, पण मेन्यूवर कितीही क्लिक करा, ढिम्म हलत नाही. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "हिस्टरी, कॅशे, कुकीज सगळं क्लिअर करून टाक." (कॅशे म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या साइटच्या फाइली, कुकीज म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी; लॉगिनची खूणही त्यांतच असते.) कधीकधी त्याने काम होतेही. पण त्या नादात बाकी सगळ्या साइटवरचे लॉगिन जाते, आणि मूळ दोष काय होता ते कळतच नाही. मग काही दिवसांनी पुन्हा तेच.

पुसापुशी सर्वांत शेवटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी एवढेच ठरवायचे: दोष साइटचा आहे, तुमच्या ब्राउझरचा आहे, की इंटरनेट जोडणीचा? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर पान सुधारले तरी कशाने सुधारले ते सांगता येत नाही.

आधी लक्षण नीट पाहा

वेबपेज तीन गोष्टींनी बनते. एचटीएमएलमध्ये मजकूर आणि त्याची रचना असते. सीएसएसमध्ये रंग, रकाने, अक्षरांचे आकार, म्हणजे सगळी मांडणी असते. जावास्क्रिप्टमुळे मेन्यू उघडतात, फोटो सरकतात, फॉर्म तपासले जातात. या तिन्ही बहुतेक वेळा वेगवेगळ्या फाइलींतून येतात, कधी तर वेगवेगळ्या सर्व्हरवरून. त्यामुळे एक पोहोचते आणि दुसरी वाटेत अडकते, असे सहज घडते.

पांढरी पार्श्वभूमी, निळ्या अधोरेखित लिंका आणि एकाखाली एक ओळी असे रूप दिसले, तर सीएसएस आलेली नाही. पान देखणे आहे पण बटणे निर्जीव आहेत, तर संशय जावास्क्रिप्टवर. मेन्यूच्या किंवा शोधाच्या चिन्हाऐवजी रिकामा चौकोन किंवा 'मेन्यू', 'सर्च' असे इंग्रजी शब्दच उमटले, तर चिन्हांचा फॉन्ट उतरलेला नाही. अनेक साइटवर ही चिन्हे म्हणजे चित्रे नसून एका खास फॉन्टमधली अक्षरे असतात. त्या चौकोनावर क्लिक करून पाहा, बटण बहुधा चालत असते. आणि पान अजिबात न येता नुसता एखादा आकडा आला, तर तो प्रकार वेगळा, त्याबद्दल पुढे.

पायरी १ : झूम

सर्वांत साधे कारण, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. कंट्रोल आणि ० एकत्र दाबा (मॅकवर कमांड आणि ०), झूम १०० टक्क्यांवर येतो. कंट्रोल दाबलेला असताना माउसचे चाक फिरले की झूम नकळत बदलतो, आणि ब्राउझर तो त्या साइटपुरता लक्षात ठेवतो. म्हणून बाकी साइट ठीक, एकच बिघडलेली, असे दिसते.

झूमचा मेन्यूशी संबंध काय, असे वाटेल. समजा पडदा १३६६ पिक्सेल रुंद आहे आणि झूम २०० टक्के झाला आहे. आता साइटच्या लेखी रुंदी उरली ६८३. बऱ्याच साइट ७६८ च्या आसपास रुंदी खाली गेली की मोबाइलची मांडणी लावतात. म्हणजे वरची मेन्यूपट्टी गायब, आणि कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. "मेन्यूच नाहीसा झाला" या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. तो त्या तीन रेघांच्या आत असतो. खिडकी अर्धी करून ठेवली असेल तरी हेच होते.

पायरी २ : पान मुळापासून पुन्हा मागवा

नुसते रिफ्रेश केले की ब्राउझर जुन्या साठवलेल्या फाइली पुन्हा वापरू शकतो. साइटने नवी रचना आणली आणि तुमच्याकडे सीएसएस जुनीच राहिली, तर नवा मजकूर जुन्या मांडणीत कोंबला जातो. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. मॅकवर याच ब्राउझरांत कंट्रोलऐवजी कमांड. यात त्या पानाच्या फाइली नव्याने उतरवल्या जातात, लॉगिनला धक्का लागत नाही. मात्र अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी मजकूर कुठेतरी कॉपी करून ठेवा.

पायरी ३ : खासगी खिडकीची परीक्षा

सगळ्यांत जास्त माहिती देणारी पायरी हीच. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. या खिडकीत जुन्या कुकीज नसतात, आणि तुम्ही वेगळी परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेंशनही, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद असतात. तेच पान इथे उघडा.

इथेही पान तसेच बिघडलेले दिसले, तर तुमच्या कुकीज आणि एक्स्टेंशन यांच्यावरचा संशय जवळजवळ संपला. पायरी ४ कडे जा. इथे नीट दिसले, तर दोष तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या कशात तरी आहे. मग नेहमीच्या खिडकीत परत या आणि एक्स्टेंशन एकेक करून बंद करा, दरवेळी पान रिफ्रेश करून पाहा. सुरुवात जाहिराती अडवणाऱ्यापासून करा. त्यानंतर पान सक्तीने काळे करणारे, भाषांतर करणारे, सवलतीचे कूपन शोधणारे. हे शेवटचे तर मी कायमचेच काढून टाका म्हणेन.

ॲड ब्लॉकरचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. पान उघडते, मजकूर दिसतो, पण खाली सरकतच नाही. झालेले असे असते: कुकीजची संमती मागणारी चौकट उघडताना साइटने मागचे पान जखडून ठेवले, म्हणजे आधी उत्तर द्या, मग वाचा. ब्लॉकरने चौकट तेवढी लपवली, जखडणे मात्र तसेच राहिले. आता उत्तर द्यायला चौकट नाही आणि पान हलत नाही. त्या साइटपुरता ब्लॉकर थांबवा, पान रिफ्रेश करा, चौकटीत "नकार" निवडा, आणि ब्लॉकर पुन्हा सुरू करा. निवड कुकीत नोंदली जाते, त्यामुळे चौकट सहसा परत येत नाही.

काळ्या पार्श्वभूमीवर काळीच अक्षरे, असाही एक प्रकार सक्तीच्या डार्क मोडमुळे होतो. कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडा. लपलेला मजकूर निवडीच्या रंगात उठून दिसला, तर कारण सापडले.

एक्स्टेंशन निर्दोष निघाले तरच कुकीजकडे वळा, आणि त्याही फक्त त्या एका साइटच्या पुसा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा (पूर्वी तिथे सगळीकडे कुलूप असे, क्रोमने २०२३ मध्ये त्याजागी सेटिंगचे चिन्ह आणले), तिथे कुकीज आणि साइट डेटा हा पर्याय मिळतो. तेवढ्या एका साइटवर पुन्हा लॉगिन करावे लागेल, बाकी सर्व जागच्या जागी. "खूप वेळा रीडायरेक्ट झाले" (पान एकीकडून दुसरीकडे पाठवत राहिले) असा संदेश येत असेल तर हा उपाय आधीच करून पाहायला हरकत नाही.

पायरी ४ : जोडणी बदलून पाहा

वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर, किंवा व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा) बंद करून तेच पान उघडा. कार्यालयाच्या नेटवर्कवर कधीकधी पान येते पण सीएसएस येत नाही, कारण ती ज्या दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली आहे तो फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या सुरक्षा चाळणीने, अडवलेला असतो. हे तुम्हाला स्वतः सुधारता येणार नाही; नेटवर्क सांभाळणाऱ्याला सांगा. सांगताना मात्र नेमके सांगा. कीबोर्डवर एफ१२ दाबा, 'नेटवर्क' हा टॅब निवडा आणि पान रिफ्रेश करा. न आलेल्या फाइली लाल दिसतात, त्यांचे पत्ते उतरवून द्या.

एकाच वेळी अनेक साइट "सुरक्षित नाही" म्हणू लागल्या, तर आधी संगणकाचे घड्याळ बघा. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही.

मोबाइलवरचे वेगळे

अक्षरे मुंगीएवढी आणि पान आडवे सरकते आहे? क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेन्यूत 'डेस्कटॉप साइट' वर खूण राहिली आहे का पाहा. एकदा कुठल्याशा फॉर्मसाठी लावलेली ही खूण तशीच राहून जाते. खूण नसूनही असेच होत असेल तर साइट मोबाइलसाठी बनवलेलीच नाही. आयफोन अशा पानांची रुंदी ९८० पिक्सेल धरून चालतो आणि ती छोट्या पडद्यावर आवळून बसवतो. फोन आडवा धरा किंवा ब्राउझरचा वाचनमोड वापरा, दुसरा इलाज नाही.

मेसेजिंग किंवा सोशल मीडियाच्या ॲपमध्ये आलेली लिंक दाबली की पान बऱ्याचदा त्या ॲपच्याच आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे तुमचे लॉगिन नसते, फाइल डाउनलोड होत नाही, पैसे भरण्याचे पान मध्येच अडकते. कोपऱ्यातल्या मेन्यूतून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

वाट चुकली, लिंक तुटली

काही पाने 'मागे' बटण दाबले तरी सोडत नाहीत, कारण ती इतिहासात स्वतःच्याच नोंदी वाढवून ठेवतात. बटणावर उजवी क्लिक करा किंवा ते दाबून धरा. आधीच्या पानांची यादी उघडते, त्यातून थेट हव्या त्या पानावर उडी मारा. चुकून टॅबच बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी.

माउस नेला की उघडतो आणि सरकवला की मिटतो, असा मेन्यू हा रचनाकाराचा हट्ट म्हणावा लागेल. टॅब कळ दाबत मेन्यूपर्यंत जा, मग एंटर किंवा खालचा बाण दाबून पाहा. काळजीपूर्वक बनवलेल्या साइटवर हे चालतेच.

आता आकडे. ४०४ म्हणजे सर्व्हर जागेवर आहे, पान नाही. पत्त्याच्या शेवटी स्वल्पविराम किंवा कंस चिकटून आला आहे का पाहा. लिंक मजकुरातून उचलताना असे होते. ते नसेल तर पत्ता शेवटाकडून तिरप्या रेघेपर्यंत छाटत जा आणि प्रत्येक टप्प्यावर एंटर दाबा. बहुतेकदा वरच्या विभागाचे पान मिळते आणि तिथून हवे ते सापडते. पान कायमचेच काढले असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाका, तिथे १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती आहेत. ४०३ म्हणजे परवानगी नाही, कधीकधी लॉगिन संपल्यामुळेही. ५०० पासून पुढचे आकडे, ५०२ किंवा ५०३, म्हणजे दोष सर्व्हरचा. तुम्ही काहीही पुसू नका, काही वेळाने या.

अक्षरांऐवजी भलतेच काही

मराठी पानावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली तर दोन शक्यता असतात. मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत) आहे, पण ब्राउझरने अक्षरे ओळखायला वेगळी पद्धत धरली. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेन्यूत यावर दुरुस्तीचा पर्याय आहे. किंवा पान युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर ते वाचता येणार नाही, आणि शोधातही सापडणार नाही. मजकूर कॉपी करून फॉन्ट कन्व्हर्टरमध्ये टाकला तर बऱ्यापैकी वाचण्याजोगा होतो, जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात.

ब्राउझरच जुना असेल तर

विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. त्यानंतर आलेल्या सीएसएसच्या सोयी, उदाहरणार्थ ११२ पासूनची नियमांची एकात एक मांडणी, तो समजूच शकत नाही. न समजलेला नियम ब्राउझर मुकाट सोडून देतो, कुठलाही इशारा देत नाही. म्हणून अशा संगणकावर नव्या साइट एकामागून एक विस्कटत जातात आणि मालकाला वाटते इंटरनेट खराब आहे. इथे कॅशे पुसून उपयोग शून्य.

दोष साइटचाच निघाला तर

दुसऱ्या ब्राउझरमध्ये, दुसऱ्या उपकरणावर आणि दुसऱ्या जोडणीवर तीच अडचण आली, तर साइटवाल्यांना कळवा. "तुमची साइट चालत नाही" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. असे लिहा: "अर्जाच्या पानावर 'जिल्हा' निवडल्यावर 'तालुका' ची यादी रिकामी राहते. अँड्रॉइड फोन, क्रोम. संगणकावर फायरफॉक्समध्येही तसेच. खासगी खिडकीत तपासले. आज सकाळी अकराच्या सुमारास." सोबत पानाचा पूर्ण पत्ता आणि स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉटमध्ये खाते क्रमांक किंवा ओटीपी आला असेल तर तो भाग आधी झाका. आणि पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक अक्षरमाला असेल तर ती कापूनच पाठवा. तिच्यात कधीकधी तुमच्या लॉगिनची किल्लीच असते.